कीर्दीतील पान आणि कोष्टकातील क्रमांक

संगमेश्वरच्या बाजारपेठेतील उधारीला कोकणचे स्वतःचे पंचांग आहे. माखजन, कडवई, फुणगूस अशा गावांतील अनेक घरांतली कमावती माणसे मुंबईत. त्यामुळे किराण्याची बाकी पुष्कळदा गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी आले की चुकती होते. त्या थोड्या दिवसांत कोणाकडे किती येणे आहे, याची यादी बिनचूक हवी. फेडलेली रक्कम पुन्हा मागितली, तर पिढ्यांची पत जाते.

ही यादी संगणकाकडून घ्यावयाची, तर माहितीची मांडणी आधी समजून घ्यावी लागते. व्यापारी घराण्यांना ती परकी नाही. कीर्दीत नोंदीसमोर ‘खा. पा.’ म्हणजे खाते पान लिहितात. त्या आकड्यावरून खतावणीतील खाते सापडते. उणीव एकच, वही बदलली की पानही बदलते. जुन्या संगणकीय पद्धतींतही माहिती अशीच जागेच्या खुणांनी जोडलेली असे. आय.बी.एम.मधील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगळा मार्ग सुचविला. माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि त्या कोष्टकांतील मूल्यांनीच ती एकमेकांशी जोडावी.

दुकानाचे पहिले कोष्टक ग्राहकांचे: खाते क्रमांक, नाव, गाव, मोबाईल. ओळख नावावर ठेवू नये. एकाच वाडीत एकाच नावा-आडनावाचे दोघे असणे कोकणात नवलाचे नाही, आणि मोबाईल तर बदलतोच. खाते क्रमांक मात्र एकदा दिला की कायमचा. बिलांच्या व जमेच्या कोष्टकांत नाव-गाव पुन्हा लिहावयाचे नाही, केवळ तो क्रमांक. गाव दहा बिलांत दहा वेळा लिहिले की एखाद्या ठिकाणी ‘फुणगुस’ होते आणि शोधताना ते बिल निसटते.

मालाचा दर मात्र दोन ठिकाणी लिहावा लागतो, आणि नवशिके येथेच गोंधळतात. मालाच्या कोष्टकातील दर आजचा. बिलाच्या ओळीतील दर विक्रीच्या दिवशीचा. बिलात तो ठेवला नाही, तर तांदूळ महागताच गेल्या आषाढातले बिलही महागेल.

बाकी लिहून ठेवू नये. एसक्यूएल या प्रश्नभाषेत ती दर वेळी काढावी. सिलेक्टपुढे काय हवे, फ्रॉमपुढे कोणत्या कोष्टकातून, व्हेअरपुढे कोणत्या अटीवर, एवढा तिचा सांगाडा. दोन कोष्टके जुळविते ते जॉइन. साध्या जॉइनमध्ये दोन्हीकडे नोंद असलेलेच ग्राहक येतात. म्हणजे ज्याने एक पैसाही भरलेला नाही, नेमका तोच यादीतून गळतो! त्यासाठी लेफ्ट जॉइन वापरून ग्राहकांचे कोष्टक डावीकडे ठेवावे व जमा नसेल तेथे शून्य धरावे. दुसरा प्रकार याहून फसवा. तीन बिले आणि दोन जमा नोंदी असलेल्या ग्राहकाची सगळी कोष्टके एकदम जोडली, तर सहा ओळी तयार होतात. बेरजेत बिले दुप्पट आणि जमा तिप्पट दिसते. म्हणून ग्रुप बाय वापरून बिलांची व जमेची खातेवार बेरीज स्वतंत्र करावी, मगच ती ग्राहकांशी जोडावी.

यादी निघाल्यावर तीन खाती हाताने ताडून पाहावीत: एक काहीच न भरलेल्याचे, एक पुरते फेडलेल्याचे आणि एक अनेक हप्त्यांत भरणाऱ्याचे.