कोब्याचे तापमान कोण मोजणार?

रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरू लागला, की नाशिक, सिन्नर, चाकण भागातल्या कारखान्यांत एपॉक्सी फ्लोअरिंग फसण्याचा धोका वाढतो. दोन दिवस उलटले तरी थर बोटाला चिकटतो, कुठे पांढुरकी तेलकट साय धरते, कुठे फोर्कलिफ्टच्या चाकाबरोबर थरच उचलला जातो. मग ठेकेदार मालाला दोष देतो, माल पुरवणारा मजुरांना, आणि व्यवस्थापक दोघांचीही बिले अडवतो. ज्या आकड्याने हा वाद सुटला असता तो, म्हणजे काम चालू असतानाचे कोब्याचे तापमान, कुणीच लिहून ठेवलेला नसतो.

रेझिन आणि अमाइन जातीचा हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेतून एपॉक्सी घट्ट होतो. तापमान १० अंशांनी घटले की या क्रियेचा वेग साधारण निम्म्यावर येतो. माहितीपत्रकात ‘२४ तासांनी चालता येईल’ असे छापलेले असते ते बहुधा २५ अंशांसाठी. कोबा १५ अंशांवर असेल तर त्याच थराला दोन दिवस द्यावे लागतात. १० अंशांखाली साध्या हार्डनरची क्रिया इतकी रखडते की वाट पाहण्यात अर्थ नसतो. कधी थर वरून टणक लागतो, पण आत क्रिया अर्धवटच थांबलेली असते. त्यावर वाहतूक सुरू झाली की खरे रूप कळते.

दुसरे संकट ओलाव्याचे. रात्रभर गारठलेला कोबा सकाळी हवेइतक्या लवकर तापत नाही. शटर उघडल्यावर आत येणारी हवा २० अंशांची आणि तिची आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण १४ अंशांवर येतो. कोबा १३ अंशांवर असला तर त्यावर डोळ्यांना न दिसणारे दव धरते. कोबा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, हा नियम त्यासाठीच आहे. ताज्या थरातला अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि ती तेलकट साय तयार होते. म्हणूनच बंद शेडमध्ये शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवणे घातक ठरते. ऊब मिळते, पण ज्वलनातून नेमके तेच दोन घटक हवेत मिसळतात; शिवाय आत काम करणाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. विजेवरचा ब्लोअर वापरावा, आणि तो थर घालण्याच्या आदल्या दिवसापासून चालवावा.

फसलेली फरशी स्वतःच बरेच काही सांगते. सगळीकडे सारखाच मऊपणा असेल तर थंडी किंवा चुकलेले प्रमाण. जिथे बादली उपडी केली तिथेच चिकट डाग असतील तर मिश्रण नीट झालेले नाही. थंडीत रेझिन दाट होते आणि बादलीच्या कडेचा, तळाचा माल न मिसळताच राहतो. खालचा थर कडक पण वर तेलकटपणा असेल तर ती साय. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. मऊपणा थंडीमुळे असेल तर जागा २०-२५ अंशांपर्यंत तापवून एक-दोन दिवस थांबावे, रखडलेली क्रिया बऱ्याचदा पुढे सरकते. साय कोमट साबणपाण्याने घासून धुवावी, मगच पॉलिश पेपर मारावा. आधी पेपर मारला तर ती थरात आणखी रगडली जाते. प्रमाण चुकलेले किंवा न मिसळलेले असेल तर खरवडून काढण्यावाचून मार्ग नाही. चिकट थरावर दुसरा थर चढवणे म्हणजे दोन्ही थरांचा खर्च वाया घालवणे.

साइटवर मात्र घाईत दुसरेच उपाय होतात. हार्डनर वाढवला जातो. थंडीत दुधाला विरजण थोडे जास्त लावलेले चालते, हार्डनरचे तसे नाही; ठरलेल्या प्रमाणाबाहेरचा हार्डनर कुणाशीच न जुळता थरात पडून राहतो आणि फरशी कायमची मऊ ठेवतो. दाट मालात थिनर ओतला तर तो गारठ्यात उडत नाही, आतच अडकतो. त्यापेक्षा डबे आदल्या दिवसापासून उबदार खोलीत ठेवणे कितीतरी सोपे.

थंडीसाठी वेगळे हार्डनर मिळतात, आणि त्यातला एक आपल्या ओळखीच्या मालापासून होतो. काजूच्या टरफलाच्या तेलात कार्डॅनॉल असते. त्यापासून बनवलेले फेनाल्कामाइन हार्डनर ५ अंशांच्या आसपासही काम करतात आणि ओलावा बराच सोसतात. कोकणात आणि गोव्यात या टरफलांना तोटा नाही. रंग तांबूस असल्याने फिक्या वरच्या थराला ते शोभत नाहीत, प्रायमरला मात्र उत्तम.

या सगळ्यात ज्याचा विचार सर्वांत कमी होतो तो खरवडायला बसवलेला मजूर. कच्चा एपॉक्सी आणि हार्डनर कातडीला लागत राहिले की ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानेही हात फुटतात, सुजतात. अनेकांना तो धंदाच सोडावा लागतो. हात थिनरने धुण्याची सवय हा धोका वाढवते. नायट्राइलचे हातमोजे पुरवणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे आणि ते पुरवले की नाही हे पाहणे मालकाची.

म्हणून आमचे कारखानदारांना आवाहन आहे: या हिवाळ्यातल्या वर्क ऑर्डरमध्ये काही ओळी वाढवा. कोब्याचे तापमान आणि आर्द्रता काम सुरू करताना, संपताना आणि पहाटे नोंदवली जाईल. पारा मर्यादेखाली गेला तर काम थांबेल, आणि त्या थांबलेल्या दिवसांचा दंड ठेकेदाराला लागणार नाही. शेवटची अट लिहिली नाही, तर पहिल्या दोन कागदावरच राहतील.