खाका कोणाचा, कमाई कोणाची?

भरतकामाच्या धंद्यात नक्शानवीसाची कदर होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. टाके घालणाऱ्याला नगावर मजुरी मिळते. नक्शा काढणाऱ्याच्या हातावर एकदाच काही रक्कम टेकवली की हिशेब संपला. त्याचा भोके पाडलेला खाका कापडावर ठेवून रॉकेल-पावडरीचा बोळा फिरवायचा. तोच खाका शंभर साड्यांना चालतो, आणि पुढे दुसऱ्या कारखान्यातही जातो.

नक्शाचे मोल काय असते, हे पँटोग्राफ या औजारावरून कळते. जर्मनीतील पाद्री ख्रिस्तोफ शाइनर यांनी १६०३ साली ते बनविले. चार पट्ट्या खिळ्यांनी सांधलेल्या, मधे समांतरभुज चौकोन. एक टोक टेबलावर पक्के, एका जागी मूळ चित्रावरून फिरवायचा काटा, एका जागी पेन्सिल. तिन्ही एका सरळ रेषेत. पक्क्या टोकापासून पेन्सिल काट्याच्या दुप्पट अंतरावर असेल तर चित्र दुप्पट उमटते. दोघांची अदलाबदल केली की निम्मे.

हेच औजार फ्रान्समधील म्युलूझच्या जोशुआ हाइलमान यांनी १८२८ च्या सुमारास भरतकामाच्या यंत्राला जोडले. पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आयझॅक ग्रोब्ली यांनी शिफली मशीन काढले, त्यातही पँटोग्राफ होता. कारागीर सहापट मोठ्या नक्शावरून काटा फिरवी आणि कापडाची चौकट त्याच्या सहाव्या हिश्शाने सरके. काटा सहा मिलिमीटर चुकला तर कापडावर चूक एकच मिलिमीटर! म्हणून मोठा, साफ नक्शा काढणारा हात तिथे मोलाचा.

आपल्याकडे आज उलटा कारभार चालतो. दुसऱ्याच्या दुकानातील दुपट्ट्याचा मोबाईलवर फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर ताणून चौपट करायचा आणि पंचिंगला द्यायचा. बुटीसोबत तिची वाकडी रेघही चौपट होते. असा माल गिऱ्हाईक परत करते, तेव्हा दोष मात्र मशीनवाल्याला.

आता कायद्याचे. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नव्या नक्षीची नोंदणी केल्यास दहा वर्षे हक्क मिळतो, तो आणखी पाच वर्षे वाढतो. मात्र माल बाजारात दाखविण्यापूर्वी अर्ज हवा. 'कॉपीराइट आहेच' म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, नोंदणीयोग्य नक्षी नोंदविली नाही आणि औद्योगिक पद्धतीने तिचे पन्नासहून जास्त नग निघाले, तर तो कॉपीराइट संपतो. मशीनवर पन्नास नगांना कितीसा वेळ लागतो?

यात नक्शावाल्याने एक गोष्ट जपावी. मोबदला देऊन नक्शा करवून घेणाऱ्यालाच कायदा मालक धरतो. तेव्हा पैसे घेण्याआधी दर लॉटमागे किती मिळणार, हे कागदावर लिहून घ्यावे. आम्हा व्यापाऱ्यांना हे जड वाटेल. पण बिलात दोरा, जरी, मजुरी वेगळी लिहितो, तशी नक्शाची एक ओळ लिहायला काय हरकत आहे?