दोन घरचा पाहुणा

'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण आपण सगळेच वापरतो. परंतु तिचा अर्थ लावताना थोडी लबाडी करतो. आपण हसतो ते पाहुण्याला. वास्तविक दोष असतो तो दोन्ही यजमानांचा. या घरची माणसे म्हणतात, तो तिकडे जेवला असेल. त्या घरची म्हणतात, तो इकडे जेवला असेल. दोन्ही घरी चूल पेटलेली, दोन्हीकडे टोपल्यात भाकरी, आणि पाहुणा मात्र ओसरीवर उपाशी! अरुण कोलटकर या कवीच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी या दोन घरांनी मिळून नेमके हेच केले, असा माझा आरोप आहे. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांपुढे तो मांडताना मला संकोच वाटत नाही. करंज्या-लाडवांच्या ताटात चिवड्याची मिरचीही लागतेच.

आरोपाला निमित्त झाले ते एका वाचनालयाच्या खरेदीयादीचे. यादीत मी 'भिजकी वही' हे नाव सुचवले होते. एका सुविद्य सभासदांनी त्यावर काट मारली आणि म्हणाले, "मास्तर, कोलटकर म्हणजे ते इंग्रजीवाले ना? मग मराठीच्या पैशातून त्यांचे पुस्तक कशाला?" बैठकीत कुणी हूं की चूं केले नाही. पुस्तक मराठी आहे, हे कुणी उघडून पाहिले नव्हते. त्या सभासदांचे नाव सांगण्याचे कारण नाही; कारण असे सभासद गावोगावच्या वाचनालयांत आहेत, आणि काही तर साहित्यसंमेलनांच्या मांडवातही आहेत.

तेव्हा आधी हे 'इंग्रजीवाले' कोण, ते सांगतो. कोलटकर जन्माने कोल्हापूरचे, शिक्षण मराठी माध्यमातले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून पुढे जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी मोठे नाव मिळवले. १९५० नंतरच्या दशकात दिलीप चित्रे, रमेश समर्थ या मित्रांबरोबर 'शब्द' नावाच्या अनियतकालिकाच्या खटपटीत ते होते. १९७६ साली त्यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी संग्रह निघाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला राष्ट्रकुलाचे काव्यपारितोषिक मिळाले. त्याच १९७७ साली मराठीत 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढले. त्यानंतर पाव शतक हा माणूस लिहीत राहिला, पण पुस्तकाची घाई त्याने केली नाही. मग 'चिरीमिरी', 'भिजकी वही' आणि 'द्रोण' ही मराठी पुस्तके, आणि 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र' ही इंग्रजी, अशी रांगच लागली. २५ सप्टेंबर २००४ रोजी कोलटकर पुण्यात वारले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते २००५ साली. ते घ्यायला कवी उरला नव्हता.

आता साधा हिशेब करा. हयातीअखेर मराठी पुस्तके चार, इंग्रजी तीन. चौथीतले पोरही सांगेल की चार हे तीनहून जास्त. तरीही 'इंग्रजीवाले' हा शिक्का पुसला जात नाही. आपण मराठी माणसे पुस्तकांनी मोजत नाही, पारितोषिकांनी मोजतो. आणि ज्या घरचे पारितोषिक मोठे, त्या घरचा हा माणूस, असे ठरवून मोकळे होतो.

पहिला आक्षेप बेइमानीचा. मातृभाषा टाकून परक्या भाषेत लिहिले, असे म्हणतात. पण टाकून म्हणजे काय? ज्या माणसाने तुकाराम, नामदेव, जनाबाई, मुक्ताबाई यांचे अभंग इंग्रजीत नेले, जो अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकला, ज्याच्या 'चिरीमिरी'त बळवंतबुवा नावाच्या भजनी माणसाच्या बोलण्याची रग आहे, त्याने टाकले तरी काय? मुंबईच्या बाजारी हिंदीतही त्याने कविता लिहिली आणि तिचेच इंग्रजी रूप अमेरिकेतल्या टपोरी बोलीत केले. म्हणजे इंग्रजीतसुद्धा त्याने साहेबाची इस्त्रीची भाषा घेतली नाही. रस्त्यावरच्या भाषेला रस्त्यावरचीच भाषा शोधून दिली. भाषांची अशी जात ओळखणाऱ्याला बेइमान म्हणणे म्हणजे पारख्याला चोर म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो वजनदार माणसाने घेतलेला आहे. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांवर टीका करताना 'जेजुरी'लाही धारेवर धरले. कवी तिथे सहलीला गेल्यासारखा गेला, भाविकांची जेजुरी त्याला दिसली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. नेमाड्यांविषयी मला आदर आहे. त्यांच्या कादंब-या वाचूनच माझ्यासारख्या आडगावच्या माणसाला आपल्याकडच्या बोलीत लिहिण्याचे धैर्य आले. पण इथे त्यांचे मला पटत नाही. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाने डोळे मिटलेच पाहिजेत, असा नियम कुणी केला? डोळे उघडे ठेवून पायरी, भिंत, पुजारी, म्हातारी भिकारीण आणि मोडका नळ पाहणारा माणूसही देवळातच असतो. आमच्या तुकोबांनी देवाला कमी का बोल लावले? अश्रद्धेची भाषा ही मराठीला परकी नाही. ती इंग्रजीत दिसली, एवढ्यावरून ती पर्यटकाची ठरत नाही. शिवाय 'जेजुरी'चा मराठी अवतारही कवीने लिहून ठेवला होता. तो २०११ साली प्रासनेच छापला. आता दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून कुणीही ताडून पाहावे.

आणि ज्या देवावरून हा वाद, तो देव तरी एका भाषेचा आहे काय? आपला खंडोबा कानडी मुलखात मैलार होतो, तेलुगू मुलखात मल्लन्ना होतो. त्याची एक बायको म्हाळसा, लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. दोन संसार करणाऱ्या देवाला आपण भंडारा उधळून 'येळकोट' म्हणतो, आणि त्याच देवावर दोन भाषांत लिहिणाऱ्या कवीला मात्र विचारतो की बाबा रे, तू नक्की कुणाचा? खंडोबालाही याचे हसू येत असेल.

आम्ही वऱ्हाडी माणसांनी तर असा प्रश्न विचारूच नये. नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आपण शाळेत शिकवतो. पण तितके लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज लहानपणीच दृष्टी गेलेले. १८८१ ते १९१५ एवढेच त्यांचे आयुष्य. त्यात त्यांनी मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषांत ग्रंथरचना केली. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर हिंदी भजने म्हणत देशभर फिरले, आणि 'ग्रामगीता' त्यांनी मराठीत लिहिली. मोझरीच्या गुरुकुंजात कुणी त्यांना विचारले काय, की महाराज, तुम्ही हिंदीवाले की मराठीवाले? संतांना आपण जी मोकळीक आनंदाने देतो, तीच कवीला देताना आपला हात का आखडतो?

यावर कुणी रिद्धपूरचा दाखला काढील. तो मीच काढतो. महानुभाव पंथातल्या केशोबासांनी संस्कृतात लिहिण्याचा विचार मांडला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. अशाने आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. केवढे थोर कारण! मराठीची याहून मोठी बाजू कुणी मांडलेली मला ठाऊक नाही. पण त्या कारणाचा नीट विचार करा. नागदेवांना संस्कृताचा द्वेष नव्हता. म्हातारीच्या ताटातली भाकरी जाऊ नये, एवढीच त्यांना काळजी होती. कोलटकरांनी ती भाकरी काढून घेतली नाही. चार पुस्तकांची चवड त्यांनी मराठीच्या ताटात वाढली आहे. ती आपण झाकून ठेवली, त्याला कवी काय करणार?

भाषा लादणे वेगळे आणि भाषा घेणे वेगळे, हेही इथेच सांगून टाकतो. नाही तर माझा भलताच अर्थ लावला जाईल. १६ एप्रिल २०२५ रोजी शासनाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली, तेव्हा मी तिच्या विरोधात होतो. महाराष्ट्रभर आवाज उठला आणि २९ जूनला शासनाने माघार घेतली, हे योग्यच झाले. सहा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तिसरे दप्तर देणे हा शहाणपणा नव्हे. पण त्या गदारोळात काही मंडळींना सक्ती नको म्हणता म्हणता भाषाच नको झाल्या. जेवणाची सक्ती वाईट म्हणून अन्न वाईट ठरत नाही. कोलटकरांवर इंग्रजी कुणी लादली नव्हती, मराठी कुणी लादली नव्हती. त्यांनी दोन्ही आपल्या हाताने घेतल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आता एवढ्या थोरल्या भाषेने, आपला मुलगा शेजारच्या घरी दोन घटका बोलत बसला तर रुसून बसावे, हे तिला शोभत नाही.

मी हे पोटतिडकीने का सांगतो? कारण मी अकोटात शिकवतो. उत्तरेला नरनाळ्याचा डोंगर, त्यामागे मेळघाट. माझ्या वर्गात वऱ्हाडी बोलणारी पोरे आहेत, घरी उर्दू बोलणारी आहेत, आणि मेळघाटातून पुनर्वसन होऊन या तालुक्यात आलेल्या गावांची कोरकू बोलणारीही आहेत. कोरकू ही मराठीच्या कुळातलीच नव्हे. तिचे गोत मुंडा भाषांशी. एका कोरकू मुलीने झाडावरच्या निबंधात झाडाचे नाव आपल्या भाषेत लिहिले. मराठी नाव तिला ठाऊक होते. "मग काहून नाही लिहिलं वं?" असे मी विचारले, तर म्हणाली, "गुरुजी, ते झाड मी आजीसोबत पाहते." त्या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले. अशा मुलीला जर आपण सांगितले की दोन भाषांत जगणारा माणूस धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, तर ती एक भाषा विसरेल आणि दुसरीत मुकी राहील. कवीवर मारलेली काट अशी लांबवर, माझ्या मागच्या बाकापर्यंत येते.

मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. माझी पात्रे वऱ्हाडीत भांडतात आणि मी पुस्तकी मराठीत निवेदन करतो. आजवर मला कुणी बेइमान म्हटले नाही. मग नियम नेमका कुठे सुरू होतो?

आता दुसऱ्या घराचीही झडती घेतली पाहिजे, नाही तर न्याय एकतर्फी होईल. इंग्रजी वाचकांनी 'जेजुरी' डोक्यावर घेतली. २००५ साली ती न्यूयॉर्कहून पुन्हा छापून निघाली. पण त्या मंडळींच्या लेखी कोलटकर मराठीत'ही' लिहीत. हा 'ही' किती माजोरी आहे पाहा! 'भिजकी वही'सारखा जाडजूड ग्रंथ त्या 'ही'च्या पोटात गडप होतो. आम्ही म्हणतो तो तिकडचा, ते म्हणतात इकडे काही किरकोळ असेल. पाहुणा ओसरीवरच.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. 'जेजुरी' मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. 'भिजकी वही' वाचताना शब्दकोश लागला नाही, लागला तो नकाशा. कारण तिच्यात अलेक्झांड्रियाची विदुषी हिपेशिया आहे, तमिळांची कण्णगी आहे, रशियन कवी मांडेलश्टामची बायको नादेझ्दा आहे. देशोदेशीच्या स्त्रियांचे अश्रू या एका वहीत गोळा झाले आहेत, आणि ती वही मराठीत आहे. परक्या भाषांत हिंडून आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला नाही. जगभरच्या बायकांचे दुःख तो मराठीच्या पदरात घालून गेला. त्याला आपण यादीतून खोडतो!

शास्त्रात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय सांगतात. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. या दिवसांत आपल्या प्रत्येक उंबऱ्यावर पणती आहे; ती आतली की बाहेरची, असा वाद कुणी घालत नाही.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी मोठी नाही. आपल्या गावच्या वाचनालयाची पुढची खरेदीयादी निघेल, तेव्हा तिच्यात 'भिजकी वही', 'चिरीमिरी' आणि मराठी 'जेजुरी' ही तीन नावे घाला. कुणी काट मारली तर पुस्तक उघडून पहिले पान त्यांच्यापुढे धरा, आणि हे कोणत्या भाषेत आहे ते वाचून दाखवा म्हणावे. आमच्या यादीत मी ही नावे पुन्हा लिहिली आहेत. या वेळी शाईने.