पर्समधली शिटी आणि रस्त्यावरचा दिवा

रात्रपाळी संपवून घरी परतणारी मुलगी आज पर्समध्ये फणी-रुमालाबरोबर आणखीही काही वस्तू बाळगू लागली आहे. मिरचीच्या अर्काचा फवारा, बोटभर लांबीची बॅटरी, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली शिटी. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या लेकीच्या काळजीने जी आई असा फवारा विकत घेते, तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र या वस्तूंनी काय साधते आणि काय साधत नाही, याचा शांतपणे विचार झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायद्याचे पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला झाला, तर प्रतिकारात हल्लेखोराचा प्राण गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. जुन्या दंडसंहितेत २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने अ‍ॅसिडहल्ल्याचाही या यादीत समावेश झाला व तो नव्या संहितेतही कायम आहे. परंतु बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही; आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल, तेथे हा हक्क सांगता येत नाही. २०२४ मध्येच शेजारच्या कर्नाटकातील उच्च न्यायालयाने एका भांडणात वापरलेला मिरचीचा फवारा धोकादायक शस्त्र मानला आणि जिवाला तातडीचा धोका नसताना त्याच्या वापरास स्वसंरक्षण म्हणता येणार नाही, असे सांगून खटला रद्द करण्यास नकार दिला. फवारा भांडणासाठी नाही, संकटासाठी आहे, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही ध्यानी घ्यावे.

आता उपयोगाचे पाहू. कोयता आणि विळी आमच्या घराघरांत रोज हाताळली जातात. म्हणून एखादा चाकू जवळ ठेवला की झाले, असे काहींना वाटते. पण नारळ सोलणे वेगळे आणि झटापट वेगळी. धारदार वस्तू हिसकावली गेली तर ती बाळगणारीच्याच जिवावर बेतते. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. परवाना काढून एवढी रक्कम मोजणे कोणत्या कामगार मुलीला परवडणार होते? फवारा स्वस्त आहे, परंतु तो पर्सच्या तळाशी पडून राहिला तर ऐन वेळी सापडत नाही. समोरून वारा असेल तर मारणारीच्याच डोळ्यांत जातो. आणि डबीवरची मुदत टळली की त्याचा भरवसा उरत नाही. त्यामानाने शिटी आणि बॅटरी साधी, तरी अधिक विश्वासाची. त्यांस ना परवाना लागतो, ना शिक्षण. या साऱ्यांचे काम एकच. हल्लेखोराला जिंकणे नव्हे, तर पळून जाण्यास आणि ११२ हा क्रमांक फिरवण्यास चार क्षण मिळवून देणे.

पण शिटी वाजली तरी ती ऐकणारा कोणी हवा. खरा प्रश्न येथे सुरू होतो. तिठ्यावर बसमधून उतरल्यापासून घराच्या पायरीपर्यंतची वाट काळोखाची असेल, खांबावरचा दिवा महिनोन्‌महिने बंद असेल आणि आरडाओरडा ऐकूनही वाड्यावरची दारे उघडणार नसतील, तर पर्समधली कोणतीही वस्तू कितीशी पुरी पडणार? कदंब महामंडळाची स्थापना १९८० साली झाली. तरीही काळोख पडल्यावर आतल्या गावांच्या बस विरळ होतात, हा रोजचा अनुभव आहे. रात्री स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी, असे कामगारांच्या सुरक्षेसंबंधीच्या २०२० च्या संहितेचे ४३ वे कलम सांगते. ती व्यवस्था कारखान्याच्या फाटकाशी संपू नये. ती कामगार स्त्रीच्या दारापर्यंत पोचली पाहिजे.

आपला हात जगन्नाथ, हे खरे. म्हणून मुलींनी शिटी अवश्य बाळगावी आणि ती हाताशी ठेवावी. परंतु सुरक्षिततेचा सगळा भार त्यांच्याच खांद्यावर टाकून सरकारला, पंचायतींना, मालकांना आणि शेजाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. पंचायतीने बंद दिव्यांची यादी करून ते पेटवावेत, महामंडळाने पाळी सुटण्याच्या वेळी बस सोडावी, आणि शिटी ऐकू येताच आपण प्रत्येकाने दार उघडून बाहेर यावे. एवढे घडले तर पर्समधल्या त्या वस्तू बाहेर काढण्याची वेळ क्वचितच येईल.