कीबोर्ड मेलेला नाही, साहेब!

आधीच सांगतो, पोस्ट लांबलचक आहे आणि मधे थोडी किचकट पण आहे. वेळ नसेल तर सेव्ह करा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका, कारण विषय आपल्याच पोरांच्या कॉम्प्युटर लॅबचा आहे आणि सोमवारी त्याचा निकाल लागणार आहे.

आपल्या तालुक्यातली एक शाळा. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. लॅबमध्ये २२ कॉम्प्युटर. जुने आहेत, पण धडधाकट. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. या मशीनवर विंडोज ११ चढत नाही, त्याला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. मग संस्थेने ठरवलं की लिनक्स टाकायचं. इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

काम एका पुरवठादाराला दिलं. त्याची पोरं आली, २२ हार्ड डिस्क काढून पिशवीत घालून घेऊन गेली, दुकानात बसून एकाच इमेजवरून सगळ्या क्लोन केल्या आणि चार दिवसांनी आणून बसवल्या. मशीन चालू झाल्या. छान निळा स्क्रीन, शाळेचा लोगो, पासवर्डचा चौकोन. आणि पासवर्ड टाकायला गेलं तर कीबोर्ड ढिम्म. माऊस पण ढिम्म. २२ च्या २२.

पुरवठादाराने एक पान भरून अहवाल दिला: "इनपुट उपकरणे कालबाह्य असून नवीन प्रणालीशी सुसंगत नाहीत, सबब संगणक निर्लेखित करणे योग्य." कमिटीने ठराव केला. जुने भंगारात, नवे घ्यायचे. नव्यांचं कोटेशन कोणाचं? ओळखा पाहू.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. शाळेच्या शिपाईमामांनी मला सहज सांगितलं, "दादा, कीबोर्ड मेले म्हणतात सगळे, पण सेटअपच्या निळ्या पडद्यावर तर बाण वर-खाली होतोय." मंडळी, अख्ख्या अहवालापेक्षा या एका वाक्यात जास्त अक्कल आहे. कीबोर्ड बायोसमध्ये चालतो, लिनक्स निवडायच्या मेनूत चालतो, आणि कर्नेल सुरू झाला की न्यूमलॉकचा दिवासुद्धा लागत नाही. याचा अर्थ काय? वायर ठीक, कीबोर्ड ठीक, मदरबोर्ड ठीक. बिघाड आहे तो वरून टाकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये.

बाईंची (मुख्याध्यापिका) परवानगी घेऊन मी एका दुपारी गेलो. सोबत नेली एक साधी लिनक्सची लाइव्ह डीव्हीडी, दुकानात पडलेली. ती लावून मशीन चालू केली. तोच "कालबाह्य" कीबोर्ड, तोच "विसंगत" माऊस, दोन्ही पहिल्या मिनिटाला चालू. मग हार्ड डिस्क उघडली आणि बूट फोल्डरमधली कॉन्फिग फाईल वाचली. त्यात ती ओळ मिळाली. कॉन्फिग सीरिओ आय८०४२, आणि पुढे: इज नॉट सेट.

आता जरा किचकट भाग. सोपं करून सांगतो.

हे कीबोर्ड-माऊस यूएसबीचे नाहीत. गोल पिनवाले, जांभळा कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा. त्याला पीएस/२ म्हणतात, कारण आयबीएमने १९८७ साली त्याच नावाच्या कॉम्प्युटरबरोबर ते आणलं. यात डेटा एका वायरवरून एकामागोमाग एक बिट असा जातो. म्हणून हे सीरियल. एक बाइट पाठवायला ११ बिट लागतात: सुरुवातीचा एक, डेटाचे आठ, पॅरिटीचा एक, शेवटचा एक. ते मदरबोर्डवर कोण घेतं? कीबोर्ड कंट्रोलर. मुळात ती इंटेलची ८०४२ नावाची चिप होती. आज ती वेगळी चिप दिसणार नाही, पण तेच काम दुसऱ्या चिपच्या पोटात चालू आहे, आणि लिनक्समधल्या ड्रायव्हरचं नावही तेच राहिलंय, आय८०४२.

हा ड्रायव्हर म्हणजे घराचा दरवाजा. त्याच्या आत सीरिओ नावाची पडवी. पडवीत दोघं बसलेले: कीबोर्डची भाषा समजणारा एटीकेबीडी आणि माऊसची समजणारा पीएसमाऊस. कर्नेल बांधताना यातल्या प्रत्येकापुढे एक अक्षर लिहायचं असतं. वाय म्हणजे गाभ्यातच बसव. एम म्हणजे बाजूला फाईल करून ठेव, गरज पडली की उचल. एन म्हणजे नकोच. पुरवठादाराच्या कर्नेलमध्ये दरवाजापुढेच एन होतं. दारच विटांनी बुजवलं, मग आत कोण बसलाय याला काय अर्थ!

हे कसं झालं असेल याचा माझा अंदाज सांगतो. लोकलमॉडकॉन्फिग नावाची एक सोय आहे. ती ज्या मशीनवर चालवता त्या मशीनवर त्या क्षणी जे मॉड्यूल लोड झालेले असतील तेवढेच ठेवते, बाकीचे उडवते. कर्नेल लहान होतो, बांधायला वेळ कमी लागतो. दुकानातल्या नव्या कोऱ्या मशीनवर, यूएसबी कीबोर्ड लावून, कोणीतरी हे चालवलं असणार. त्या मशीनला पीएस/२ नाही, म्हणून मॉड्यूल नाही, म्हणून उडालं. मग ती इमेज २२ डिस्कवर, आणि बसवल्यावर एका तरी मशीनवर स्वतः बसून पासवर्ड टाकून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

चूक कोणाचीही होते. माझीही झालीय. लिनक्सचा २.६ कर्नेल डिसेंबर २००३ मध्ये आला, आणि तेव्हा इनपुटची सगळी मांडणी बदलली होती. जुनी कॉन्फिग फाईल तशीच वापरून मी रात्रभर कर्नेल बांधला, सकाळी मशीन चालू केली तर कीबोर्ड बंद. इनपुटचा पर्याय नीट लागलेलाच नव्हता. ही चूक तेव्हा जगभर इतक्या जणांनी केली की २.६ वर येणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ती खास नोंदवली गेली. पण मी गिऱ्हाईकाला "तुमचा कीबोर्ड कालबाह्य आहे, नवा कॉम्प्युटर घ्या" असं सांगितलं नाही हो! मी जुना कर्नेल लावला, कान पकडले आणि परत बसलो.

पूर्वी पीसीच्या कर्नेलमधून हे ड्रायव्हर काढायचे तर आधी "एक्स्पर्ट" नावाचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागायचा. २०१४ च्या सुमाराला ते बंधन काढलं. कारण रास्त होतं, अनेक नव्या मशीनना हा कंट्रोलर नसतो, त्यांना उगाच ओझं कशाला. पण न विचारता मिळणारं उत्तर आजही "वाय"च आहे. म्हणजे काही न करता सोडलं असतं तर शाळेचे कीबोर्ड चालले असते. इथे काहीतरी जास्तीचं करून ते बंद पाडलेत.

आणि "कालबाह्य" हा शब्द तर ऐकूनच घेणार नाही. कर्नेलच्या त्याच कीबोर्डच्या फोल्डरमध्ये अॅपलच्या न्यूटन या हातातल्या यंत्राच्या कीबोर्डचा ड्रायव्हर आहे. ते यंत्र १९९८ ला बंद पडलं. सनच्या जुन्या वर्कस्टेशनच्या कीबोर्डचा आहे. डेकच्या एलके कीबोर्डचा आहे. नऊ पिनवाला जुना सीरियल माऊस, १२०० बॉडवर तीन-तीन बाइट पाठवणारा, त्याचाही आहे. त्याला फक्त इनपुटअटॅच नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून सांगावं लागतं की या पोर्टवर माऊस बसलाय, कारण तो पोर्ट आपणहून ओळख देत नाही. गावातल्या एका छापखान्यात मी गेल्या वर्षीच असा ट्रॅकबॉल लावून दिला, तिथल्या काकांच्या मनगटाला दुसरं काही झेपत नाही. अजून मजा सांगू? ज्या लॅपटॉपवर तो अहवाल टाईप झाला असेल, त्याचा आतला कीबोर्डसुद्धा बहुतेक याच जुन्या पद्धतीने बोलतो. लिनक्स लावून इनपुटची यादी बघा, कितीतरी लॅपटॉपवर "एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड" असंच नाव दिसेल. ज्या फांदीवर बसलाय तीच कालबाह्य म्हणायची.

आता कमेंटमध्ये येणारा प्रश्न मला माहितीय. "एवढं रामायण कशाला, यूएसबी कीबोर्ड घ्या की प्रत्येकी तीन-चारशेचा." घ्या ना. पण पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून याच शाळेने काही वर्षांपूर्वी पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये एम-सील भरलंय आणि मागचे बायोसमधून बंद केलेत. बायोसचा पासवर्ड ज्या सरांना माहीत होता त्यांची बदली झाली. म्हणजे आधी २२ मशीन उघडून पासवर्ड उडवायचे, मग पोर्ट चालू करायचे, मग व्हायरसची वाट परत मोकळी करायची, आणि वर २२ कीबोर्ड, २२ माऊस विकत आणायचे. आणि चालू असलेल्या ४४ वस्तू भंगारात. कशासाठी? एका अक्षरासाठी. एन च्या जागी वाय.

बरं, मला एका मशीनला किती वेळ लागला? डिस्ट्रोचा मूळ कर्नेल टाकला, बूट मेनू अपडेट केला, रीस्टार्ट केलं. अर्धा तास, त्यात बाईंनी पाजलेला चहा धरला. ती मशीन आजही लॅबमध्ये चालू आहे, जाऊन बघा. दुसऱ्या मशीनला हात लावणार तेवढ्यात फोन आला, "निर्लेखनाचा ठराव झालाय, आता कशाला हात लावू नका." म्हणजे दुरुस्त होतंय हे दिसल्यावर दुरुस्ती थांबवली! इतके दिवस नववी-दहावीची पोरं फळ्यावर काढलेल्या कीबोर्डवरून टायपिंग शिकतायत, आणि चालू झालेल्या एका मशीनपुढे रांग लावतायत. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांचं काही अडत नाही. वाडीवरून चालत येणाऱ्या पोरीने काय करायचं?

मी पुरवठादाराला साधी विनंती केली, कर्नेलची कॉन्फिग आणि सोर्स द्या, मी बघतो. उत्तर आलं, "ते कंपनीचं सिक्रेट आहे." साहेब, लिनक्स कर्नेल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली येतो. ज्याने तो बांधून दुसऱ्याला दिला, त्याने सोर्स द्यायचा, आणि बांधणी ज्या स्क्रिप्टने झाली तीही द्यायची. तुम्ही शाळेला २२ प्रती दिल्यात. ती मेहेरबानी नाही, परवान्याची अट आहे. फुकटात मिळालेलं घ्यायचं, त्यातला दरवाजा बुजवायचा आणि वर त्याला सिक्रेट म्हणायचं!

कमिटीवरही माझा राग आहे. तुम्ही शिकलेली माणसं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरायचं धोरण काढलं. केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांची काइट ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते. तिथे ते काम जाणणारी माणसं यंत्रणेच्या आत आहेत. आपण मात्र ज्याला नवं मशीन विकायचंय त्यालाच विचारलं की जुनं मेलंय का! बैलाचा डॉक्टर आणि बैलाचा दलाल एकच असेल तर बैल कधीच जगायचा नाही.

मागणी फार नाही. ठराव स्थगित करा. उरलेल्या २१ मशीन मी आणि माझ्याकडची दोन पोरं मिळून दोन दिवसांत करून देतो, पैसे नकोत. यापुढे असं काम देताना करारात लिहून घ्या की कर्नेलची कॉन्फिग शाळेला मिळेल आणि प्रत्येक मशीनवर शाळेचा माणूस स्वतः लॉगिन करून बघेल, मगच बिल. आणि निर्लेखनाचा अहवाल नवं कोटेशन देणाऱ्याकडून घेऊ नका. माहितीच्या अधिकारात अर्ज मी दिलाच आहे. पण त्याला ३० दिवस लागतात, आणि भंगारवाल्याचा टेम्पो त्याआधी येईल.

सोमवारी सकाळी ११ वाजता शाळेत मीटिंग आहे. पालक असाल तर या. मी डीव्हीडी घेऊन येतोय, सगळ्यांसमोर कोणतीही एक मशीन निवडा, तिथेच चालू करून दाखवतो. नाही झाली तर याच पानावर माफी मागेन.

काल संध्याकाळी लॅबवरून जात होतो. शिपाईमामा ओलं फडकं घेऊन बसले होते. अकरा कीबोर्ड पुसून झालेत, बाकीचे रविवारी पुसतो म्हणाले.