मेक्सिकन कसली, चिंचेची गोळी ती!

परवा ऑफिसात कुणीतरी मेक्सिकन कॅन्डी आणली. सगळे 'वॉव'! चाखली तर काय, चिंच, साखर, मीठ, तिखट. आमच्या बीडला हेच शाळेबाहेर खराट्याच्या काडीवर मिळायचं, तेव्हा 'घाण' म्हणून धपाटे बसायचे. आता पाकिटात आली की लगेच भारी?

अहो, मिरची तिकडून पोर्तुगीजांनी आणली, चिंच स्पॅनिशांनी तिकडे नेली. बीडच्या ज्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं, तेही मूळचं अमेरिकेतलंच. देशी-विदेशी कशाला करता राव?

वाटीभर जुनी काळी चिंच, तेवढाच गूळ, मीठ, तिखट, भाजलेलं जिरं. खलबत्त्यात कुटा, गोळ्या वळा, पिठीसाखरेत घोळवा. काडी मात्र आइस्क्रीमची लावा. खराट्याबद्दल आईचं खरं होतं.