सांभाळणारीला रजा कधी?

दरवर्षी वस्तीतून गाडी निघते. कधी दीक्षाभूमीला, कधी महाडला, शाळांना सुट्टी लागली की अजिंठा-वेरूळला. वर्गणी जमते, डबे बांधले जातात. घरी मात्र पोलिओने पाय गेलेला भाऊ राहतो, अर्धांगवायूने खाटेला खिळलेला बाप राहतो, मतिमंद म्हणून हिणवली गेलेली मुलगी राहते. आणि त्यांच्यासोबत एक बाई राहते. ती आई असते, सून असते, नाहीतर लग्नाची राहून गेलेली बहीण. तिला 'चल' म्हणायचे कोणालाच सुचत नाही.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारी दुरुस्ती 1945 साली त्यांच्याच कारकिर्दीत झाली. रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे, राबणाऱ्याचा हक्क आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग घरात चोवीस तास राबणाऱ्या या बाईला रजा कोण देणार? सरकार देणार नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, कलम 29 मध्ये करमणुकीचा समान हक्कही लिहिला आहे. सरकारने मात्र मोठ्या उत्साहाने 'अपंग'चे 'दिव्यांग' केले. उतारवाट आणि शौचालय तेवढे राहून गेले! सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. 2017 च्या नियमांपासून धरलेली ती मुदत 2022 सालीच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे किमान निकष बंधनकारक असले पाहिजेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

सरकारशी भांडण चालूच राहील. पण सहलीची गाडी आपली आहे, तिचा मार्ग आपण ठरवतो. म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे की, यंदा बेत ठरवताना सुरुवात या माणसांपासून करा. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत चाकाची खुर्ची नेणे म्हणजे हाल. साध्या दिवशी न्या. अजिंठ्याला मे महिन्यात दगड तापतो, आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना उष्णता सोसत नाही. डिसेंबर-जानेवारी बरा. तिथे खासगी गाडी फर्दापूर फाट्यावरच थांबते, पुढे चार किलोमीटर दुसऱ्या बसने जावे लागते आणि मग पायऱ्या. डोलीवाले मिळतात. पण चौघांच्या खांद्यावर बसून जायला कोणी नको म्हणाले तर आग्रह करू नका, त्यालाही मान आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवा. आणि सगळ्यात आधी एका कार्यकर्त्याने पुढे जाऊन शौचालय पाहून यावे. दाराची रुंदी मोजावी, आत खुर्ची वळते का ते पाहावे. शौचालय नसते म्हणून अनेकजण प्रवासात दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि परत आल्यावर आजारी पडतात.

पैशाचे म्हणाल तर एसटीत 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना साध्या गाडीत 75 टक्के सवलत आहे. 65 टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. रेल्वेत पूर्ण अंध, बौद्धिक अपंग आणि सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग यांना शयनयानात 75 टक्के सवलत मिळते आणि तेवढीच एका सोबत्याला.

सोबती म्हणून मात्र त्याच बाईला नेऊन सहलभर खुर्ची ढकलायला लावली तर ती तिची रजा झाली नाही, नुसती जागा बदलली. प्रत्येक अपंग माणसामागे मंडळातले दोन तरुण नेमा. उचलायचे कसे, औषध कधी द्यायचे, भरवायचे काय, हे त्यांनी आठवडाभर आधी घरी जाऊन तिच्याकडून शिकावे. खुद्द त्या माणसालाही विचारावे, कारण आपले अंग कसे धरायचे हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही. मुलगी किंवा बाई असेल तर दोन तरुणी नेमा. मग लेण्यात ती बाई एकटी, हात मोकळे ठेवून फिरू शकेल. सुरुवातीला ती दर पाच मिनिटांनी मागे वळून पाहील, तिला पाहू द्या.

सवलतीसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांची यादी पुढच्या रविवारी विहारात करावी. जिल्हा रुग्णालयात खेटे पडतात, त्याला वेळ लागतो.